गोटी

चार दिवसांत सात घरं पाहिली:
मी, माझी लुपे, आणि लुपेच्या मुठीतली निळी गोटी.
तावीता फोनवर, कुठल्याशा वाळवंटातल्या तंबूतून,
"भट्टी दाखव. खिडकीला काचा दोन की तीन?"
मधेच आवाज तुटायचा
आणि अर्धं घर त्याच्याविनाच पाहून व्हायचं.

घर पाहावं बांधून म्हणतात.
आम्ही नुसतंच पाहतो, दर तीन वर्षांनी,
आणि सामान तेव्हा कुठेतरी समुद्रात असतं.

फेअरबँक्सला मोटारींनाही शेपट्या असतात,
रात्री भिंतीतल्या प्लगात खोचायच्या,
नाहीतर सकाळी इंजिनाचा दगड.
हे मला दुकानातल्या पोऱ्यानं सांगितलं,
माझ्या पायातल्या ओआहूच्या चपलांकडे बघत.

छावणीतल्या घरासाठी आमचा नंबर सेहेचाळीस.
नमुन्याचं एक दाखवलं. भिंतींचा रंग तोच,
ओआहूला होता, त्याआधी कॅन्ससला होता:
धड पांढरा नाही, धड पिवळा नाही,
कुणाचाच नसलेला.
दिव्याचं बटण अंधारातही माझ्या हाताला सापडलं
आणि त्याचंच मला रडू आलं.
लुपेनं जमिनीवर गोटी ठेवली.
जागची हलली नाही.
"इथं काहीच होत नाही," ती म्हणाली.

दुसरीकडे गोटी सुसाट फ्रिजखाली गेली.
एजंट हसला, पायानं गालिचा सरकवला.
तिसरीकडे गालिचाच उचलू देईनात.
चौथं बरं होतं, पण भत्त्यात बसेना.
पाचवं, सहावं आता आठवतही नाही,
एकात कुत्र्याचा वास होता, एवढंच.

सातव्या दारात ओडेगार्डबाई उभ्या,
सत्तरीच्या, हाताला ग्रीस.
गोटी निघाली, पण सावकाश, विचार करत,
स्वयंपाकघराच्या मधोमध रेंगाळली,
मग पूर्वेच्या खिडकीशी जाऊन टेकली.
"कललंय," मी म्हणाले.
"कललंयच," बाई म्हणाल्या. "खाली बर्फ आहे,
माणसं नव्हती तेव्हापासूनचा.
घराची ऊब त्याला लागते, तो जरा विरघळतो,
घर जरा बसतं. दर सप्टेंबरात सरळ करायचं.
नवरा करायचा. मग मी.
आता गुडघे म्हणतात, भाडेकरू बघ."

फोनमधून तावीता: "वाकडं घर? आणि मी नसताना?
छावणीचा नंबर लागू दे, थांब."
मी त्याला छत दाखवत राहिले.
छत चांगलं होतं.

मग बॅटरी घेऊन आम्ही दोघी घराखाली शिरलो.
सरपटत. थंडी कोपरांतून वर चढत होती.
घराला पाय होते, पायांना जॅक,
आणि बाईंनी माझ्या हातात दिला तो पाना
माझ्या धाकट्या भावाच्या जन्मावेळच्या वजनाचा.
"अर्धा आटा. जास्त नको.
घराला घाई चालत नाही."

मी जोर लावला. काही नाही.
पुन्हा लावला. वरती कुठेतरी
एक लाकूड कण्हलं, म्हातारं माणूस कूस बदलतं तसं,
आणि फळ्यांतून लुपेचा आवाज:
"आई, थांबली! गोटी थांबली!
...नाही. निघाली परत."

आजवर इतक्या घरांत राहिले,
एकालाही माझा हात लागला नव्हता.
खिळा ठोकायचा तरी अर्ज करावा लागायचा.

करारात बाईंनी पेन्सिलीनं लिहिलं:
हुकूम आल्यास मोकळे.
मी सही केली. तावीता रागावला आहे, थोडासा,
आल्यावर बघेल आणि गप्प बसेल, किंवा नाही बसणार.
केवड्याच्या पातींची आईची चटई बोटीत आहे,
ओआहूला ती उलगडलीच नव्हती.
ती पूर्वेच्या खिडकीशी घालायची, लुपे म्हणते,
जिथे सगळं शेवटी घरंगळत येतं.